सुख आणि नित्याच्या सवयी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला ‘सुख’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय थोर आणि वक्ता केवळ शाळामास्तर. म्हणून तत्त्वज्ञानाच्या खोल पाण्यात न शिरता, घरोघरी रोज आचरिता येईल तेवढेच आपणापुढे मांडतो.

मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, नवी वास्तू यांनीच सुख येते, अशी आपली समजूत असते. पण असे प्रसंग आयुष्यात बोटांवर मोजण्याइतके. साधे दिवस मात्र हजारो. ज्याने आपला साधा दिवस नीट लावला, त्याचे आयुष्य नीट लागले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांच्या जीवनाचा अभ्यास सुरू झाला. पुढे बोस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांचीही त्यात भर पडली. त्यांची प्रकृती, व्यवसाय, संसार यांची नोंद अनेक दशके ठेवली गेली. पन्नाशीत ज्यांचे आप्तस्नेह्यांशी संबंध समाधानाचे होते, तेच ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. सुखाचे मूळ जिव्हाळ्यात आहे, हाच याचा अर्थ.

जिव्हाळा मात्र आपोआप टिकत नाही. त्यास सवयींचे खतपाणी लागते. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे आणि तेवढा वेळ मोबाइल दूर ठेवावा. सायंकाळी फिरावयास जाताना शेजाऱ्यास हाक मारावी. पायांस व्यायाम घडतो आणि मनही मोकळे होते. निजण्यापूर्वी त्या दिवशी कोणी आपल्यासाठी काय केले, ते वहीत दोन ओळींत लिहावे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे अशा कृतज्ञतेच्या नोंदी केल्या, तर काहींनी रोजच्या कटकटी लिहिल्या. पहिल्यांस आपले आयुष्य अधिक बरे वाटू लागले.

आता चौथी सवय, आणि तिच्यासाठीच मी येथे उभा आहे. आपल्या ज्ञातीतील मुले पुण्यामुंबईस, बंगळूरास, परदेशी गेली. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु मागे राहिलेल्या घरांत वृद्ध माणसे दिवसेंदिवस कोणाशी न बोलता राहतात. स्मरणिकेत दरवर्षी आपण दिवंगतांची नावे आदराने छापतो. त्यांपैकी किती जणांचे दार त्यांच्या अखेरच्या वर्षी आपण ठोठावले होते, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. श्रद्धांजलीपेक्षा हयातीतला अर्धा कप चहा मोलाचा.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने असे एक घर आपले मानावे आणि आठवड्यातून एकदा, मुलांना बरोबर घेऊन, तेथे अर्धा तास बसावे. आजोबा-आजींस बोलावयास माणूस मिळेल आणि मुलांना ऐकावयास गोष्ट.

सवय जडण्यास वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अभ्यासकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोजची एखादी नवी सवय अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागले. कोणास अठरा पुरले, कोणास कितीतरी अधिक लागले असते. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. एक पाठ चुकला म्हणून विद्यार्थ्याचे नाव हजेरीपटावरून कोणी कमी करीत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात यावे, एवढेच.

तेव्हा आरंभ पुढच्या संमेलनापर्यंत लांबवू नये. येत्या रविवारीच करावा, अशी नम्र विनंती आहे.