उरलेल्या भाकरीचे काय करता?



ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलावे, ईश्वरविज्ञान सेमिनरीवर सोपवावे, हा शहाणपणाचा रिवाज. आज तो मोडतो आहे, कारण माझा विषय मुळात वाचनाचाच आहे. शेवटच्या भोजनात येशूने भाकर मोडली आणि तिला आपले शरीर म्हटले. ते शब्द जसेच्या तसे घ्यायचे, की खूण म्हणून? दोन्ही उत्तरे देणारी माणसे या मांडवात मांडीला मांडी लावून बसली आहेत. कॅथलिक मिस्साला जातात, प्रोटेस्टंट प्रभुभोजनाला. एरवी आपण हा विषय टाळतो आणि चहाला उठतो.

कोण काय मानतो हे कळायला पंथ विचारायची गरज नाही. उपासना संपताना उरलेल्याचे काय होते ते पाहावे. कॅथलिक चर्चमध्ये फादर थाळीवरचे बारीक कण बोटाने चषकात लोटतात, त्यात पाणी घालतात, ते स्वतः पितात, मग पांढऱ्या कापडाने चषक पुसून ठेवतात. उरलेल्या ओस्त्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या चकत्या, कुलपाच्या पेटीत जातात आणि पेटीजवळ दिवा तेवत राहतो. आता एखाद्या साध्या प्रोटेस्टंट मंडळीत या. पावाचे चौकोनी तुकडे, भोके पाडलेल्या तबकात द्राक्षरसाचे इवलेसे पेले, ते परत ठेवताना होणारी किणकिण. उपासना संपल्यावर उरलेला पाव पोरांच्या हातात पडला तरी कुणाच्या पोटात गोळा येत नाही. पाव पावच होता. घडायचे ते मंडळीत घडून गेले.

या दोन वागणुकींमागे मोठा इतिहास आहे. त्यातला एकच प्रसंग सांगतो. ऑक्टोबर 1529, जर्मनीतले मारबुर्ग. सम्राटापुढे सुधारणावाद्यांची फळी एक व्हावी म्हणून हेसेचा शासक फिलिप याने आपल्या किल्ल्यात ल्यूथर आणि झ्विंग्ली या दोन सुधारकांना समोरासमोर बसवले. ल्यूथरने मेजावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे ख्रिस्ताचे म्हणणे चार लॅटिन शब्दांत लिहून ठेवले, वर मखमली कापड ओढले आणि वाद रंगात आल्यावर कापड उचलून ते दाखवले. झ्विंग्लीने योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायावर बोट ठेवले: देहाने काही साधत नाही, जीवन आत्मा देतो, असे तिथे ख्रिस्तच सांगतो. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. पंधराव्यातही बरेच जुळले; फक्त भाकरीत शरीर प्रत्यक्ष आहे की नाही, एवढेच राहिले. तेवढ्यासाठी ल्यूथरने झ्विंग्लीला बंधू म्हणायला नकार दिला. दोन वर्षांनी झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईत मारला गेला. ल्यूथरचे आणि झ्विंग्ली व नंतरचा सुधारक कॅल्विन यांचे युरोपातले वारस एका मेजाशी बसायला 1973 मध्ये तयार झाले. मधे 444 वर्षे गेली.

या वादाला आपण ‘शब्दशः विरुद्ध प्रतीकात्मक’ अशी चिठ्ठी चिकटवतो आणि मोकळे होतो. ती मला मान्य नाही. 1059 मध्ये, भाकरीत शरीर प्रत्यक्ष असते हे न मानणाऱ्या तूरच्या बेरेंगारकडून रोममध्ये शपथ वदवून घेतली, की ख्रिस्ताचे शरीर भाविकांच्या दातांखाली खरोखर चावले जाते. पुढे खुद्द कॅथलिक ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनसने हे टोक बोथट केले. त्याच्या मते दातांनी मोडते ते बाह्यरूप. शरीर तिथे आहे ते एखादी वस्तू जागा व्यापते तसे नाही. म्हणजे ज्यांना आपण शब्दशः वाचणारे म्हणतो, त्यांचे वाचन फार सूक्ष्म आहे. दुसरीकडे झ्विंग्ली राणीच्या अंगठीचा दाखला देतो. सोनाराकडे तिची किंमत सोन्याइतकीच, पण राजाने दिलेली म्हणून राणीला ती इतर सगळ्या दागिन्यांहून मोलाची. असे प्रतीक मानणाऱ्याला ‘यांच्याकडे नुसता पाव असतो’ म्हणून हिणवणे हा निव्वळ अडाणीपणा.

आपण लेखक मंडळी सहसा प्रतीकाच्या बाजूला झुकतो. ते आपले चलन, आणि त्यात थोडे आधुनिकही वाटते. म्हणून फ्लॅनरी ओकॉनर या अमेरिकन कॅथलिक कथाकार बाईंचा किस्सा मला आवडतो. धर्म सोडलेल्या मेरी मॅकार्थी यांनी ओस्तीला चांगले प्रतीक म्हटले, तेव्हा ओकॉनरबाई उसळल्या: नुसते प्रतीकच असेल तर जाऊ दे खड्ड्यात, अशा अर्थाचे काहीतरी त्या बोलल्या. ज्या बाईचे पोट प्रतीकांवर चालत होते, तिने हे म्हणावे! त्यांचे उत्तर मी स्वीकारीनच असे नाही, पण आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने ते एकदा अंगावर घ्यावे.

या वादापायी माणसे जाळली गेली, हेही विसरू नये. 1533 मध्ये लंडनच्या स्मिथफील्डला जॉन फ्रिथ या इंग्रज सुधारकाला जाळले. भाकरीचे शरीर होते हा रूपांतराचा सिद्धांत त्याने नाकारला होता, पण त्याचा हट्ट वेगळाच होता: या बाबतीतले कुठलेही मत श्रद्धेची सक्तीची अट करू नका. या सगळ्या इतिहासात माझे मत फ्रिथच्या पारड्यात आहे. पुढे इंग्लंडने भाकर देताना म्हणायची दोन वाक्ये, 1549 च्या प्रार्थनापुस्तकातले ख्रिस्ताच्या शरीराचे आणि 1552 मधले त्याच्या स्मरणाचे, 1559 मध्ये एकापुढे एक जोडून टाकली. कुणी याला राजकारण म्हणेल. असेलही, पण भाकर हाती घेणाऱ्याला दोन्हींपैकी हवे त्या वाक्यावर टेकता आले.

असे काही आपल्याकडेही झाले. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळे पंथ मिळून उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन, सगळ्यांची या भोजनाची समज एकसारखी नव्हती. मेज मात्र एक झाले. पण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आजही सर्वसाधारणपणे एका मेजाशी बसत नाहीत. मिश्र विवाहाच्या घरात नवरा रांगेत उभा राहतो आणि बायको बाकावर बसून राहते, किंवा उलट. तो नियम बदलणे साहित्य संमेलनाच्या हाती नाही. पण त्या बाकावरची कथा मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही, आणि ती लिहिणे तर आपल्याच हाती आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. वसईच्या लेखकाने नगरच्या मंडळीतले प्रभुभोजन लिहावे, नगरच्या लेखिकेने वसईची मिस्सा लिहावी. छापायला देण्याआधी तो मजकूर तिथल्या एखाद्या आजीला वाचून दाखवावा, आणि ‘आमचे असेच असते’ असे ती म्हणेपर्यंत पुन्हा लिहावा.