आधी विचारावे, मग सोपवावे

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

मायबाप श्रोते हो, आजच्या सेवेचा विषय आहे विश्वास. मंडपात बसून विश्वासावर बोलणं सोपं असतं. टाळ वाजतोय, शेजारी माणसं आहेत, बुक्क्याचा वास आहे. पण दवाखान्यातल्या खाटेवर रात्री दोन वाजता जाग येते, सकाळी ऑपरेशन असतं, आणि तिथे टाळ नसतो. त्या दोन वाजता उपयोगी पडेल असं काही आज बोलायचं आहे.

दुपारी एक माउली माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनीच सांगितलं, ताई, नाव घेऊ नका पण विषय घ्या, माझ्यासारख्या अजून असतील. त्यांच्या स्तनात गाठ आहे. सुई घालून तुकडा तपासला, कर्करोग निघाला. सर्जननी ऑपरेशन सांगितलंय. कुजबूज नको बायांनो, आणि पुरुष मंडळी, तुम्हीही खाली बघू नका. आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कर्करोगांत हाच सगळ्यात जास्त आढळतो. ज्याचं नाव घ्यायची लाज वाटते, तो आजार लपून वाढतो.

त्या माउलीनं मला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, चाळीस वर्षं गळ्यात माळ आहे, रोजचा हरिपाठ चुकत नाही, तरी मला एवढी भीती का वाटते? माझी भक्ती खोटी का? आणि दुसरी, कार्तिकी करून आल्यावर ऑपरेशन केलं तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुरुक्षेत्रावर आहे. अर्जुन काही भित्रा नव्हता. आणि त्याचा सारथी कोण? साक्षात भगवंत. तरीही त्याचे हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगावर काटा आला, गांडीव हातातून सुटायला लागलं. देव हातभर अंतरावर बसलेला असताना अर्जुनाला कापरं भरतं, तर ऑपरेशनच्या आदल्या रात्री तुमच्या पोटात गोळा आला म्हणून भक्ती खोटी कशी ठरेल? भीती देहाचा धर्म आहे. तिला घेऊनच देवापुढे बसायचं असतं.

आता पुढे बघा काय झालं. अर्जुन गप्प बसला नाही. तो विचारत गेला. एकदा विचारलं, परत विचारलं, कळलं नाही तर तेच फिरवून विचारलं. अठरा अध्याय झाले, पण देवानं त्याला "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून झिडकारलं नाही. आणि सगळं सांगून झाल्यावर निर्णय त्याच्याच हातात ठेवला.

म्हणून सांगते, सर्जनला प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. आपल्याकडे बाई डॉक्टरांसमोर बसते, मान हलवते, आणि बाहेर येऊन सुनेला विचारते, काय म्हणाले गं? असं करू नका. घरून वहीत लिहून न्या. सोबत लेक, सून, बहीण, कुणीतरी न्या. कारण घाबरलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं.

काय विचारायचं? गाठ केवढी आहे, आजार कुठवर गेलाय. नुसती गाठ काढून भागेल की सगळा स्तन काढावा लागेल. काखेतल्या गाठी काढणार का. नंतर रेडिएशन, केमो लागेल का. हात कधीपासून हलवायचा, व्यायाम कोणते. खर्च किती, सरकारी योजनेत बसतं का. आणि हेही विचारा, की डॉक्टरसाहेब, अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता ना? चांगला सर्जन या प्रश्नानं रागावत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिची धास्ती फार असते. रोग लवकर सापडला, तर पुष्कळ जणींचा स्तन वाचवता येतो. गाठ काढून वर रेडिएशन देतात. अमेरिकेत आणि इटलीत हजारो बायकांवर वीस वर्षं लक्ष ठेवून त्याचे निष्कर्ष २००२ साली छापले. स्तन वाचवलेल्या बायका आणि पूर्ण काढलेल्या बायका, दोघी सारख्याच जगल्या. प्रत्येकीला ते जमतंच असं नाही. तुमच्या बाबतीत काय, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. आणि काढावा लागला, तरी बाईपण त्या मांसाच्या गोळ्यात नसतं. हे नवऱ्यांनीही ऐका. घरी आल्यावर तिच्या डोळ्यात बघून बोला, नजर चुकवू नका.

विचारून झालं, समजून झालं, होकार दिला. आता सोपवायचं. आणि इथे मला सेना महाराज आठवतात.

सेना महाराज नाभिक. राजाची हजामत त्यांच्याकडे. एके दिवशी ते पूजेत रंगले आणि राजाचं बोलावणं आलं. भक्तावर राजाचा कोप होईल म्हणून पांडुरंगानं सेनाजींचं रूप घेतलं, धोपटी काखेत मारली आणि गेला राजवाड्यात. राजा समोर बसला. तेलाच्या वाटीत त्याला चतुर्भुज रूप दिसलं, ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. मी आज एवढंच दाखवते, की राजानं मान कशाखाली दिली? धारदार वस्तऱ्याखाली! ज्या राजाभोवती शंभर भालदार, तो एका माणसापुढे डोळे मिटून मान वर करतो. का? तो हात रोजचा होता, त्याचं कसब माहीत होतं. मान दिल्यावर मग राजा मध्येच हात धरून सांगत नाही, वस्तरा असा नको, तसा धर.

आणि देवाचं बघा. भक्तासाठी त्यानं काय हातात घेतलं? शंख नाही, चक्र नाही. वस्तरा घेतला. पातं हातात धरूनही देवाला सेवा करता येते, हे त्या दिवशी कळलं. मग सर्जनच्या हातातल्या सुरीला का भ्यायचं? डॉक्टर देव आहेत असं मी म्हणत नाही, ती माणसंच आहेत. पण वर्षानुवर्षं शिकून, रात्री जागून कमावलेलं ते कसब आहे, आणि कसबात देव असतो.

काही जणी म्हणतात, ताई, सुरीचं नाही, भुलेचं भ्या वाटतं. गुंगीतून उठलेच नाही तर? तर भुलेची गोष्ट ऐका. धोतरा आपण महादेवाला वाहतो. जपानात हानाओका सेइशू नावाचे एक वैद्य होते. त्यांनी धोतरा, बचनाग अशा विषारी वनस्पतींपासून गुंगीचं औषध तयार केलं. त्याची परीक्षा घ्यायला त्यांची आई आणि बायको पुढे झाल्या, आणि बायकोची दृष्टी गेली, असं सांगतात. १८०४ साली साठ वर्षांच्या एका बाईंना ते औषध पाजून हानाओकांनी त्यांच्या स्तनातली गाठ काढली. संपूर्ण भूल देऊन केलेल्या, ज्यांची नोंद सापडते अशा जगातल्या पहिल्या ऑपरेशनांपैकी ते एक. म्हणजे तुमच्याच या आजारासाठी, तुमच्यासारख्याच एका बाईनं ती वाट पहिल्यांदा चालून दाखवली. आज तर भूल देणारे वेगळे डॉक्टर असतात, ऑपरेशनभर ते तुमचा श्वास आणि नाडी सोडून दुसरीकडे बघत नाहीत. त्यांना मात्र सगळं खरं सांगा. बीपी, साखर, दमा, हलणारा दात, घरचे काढे, कुणी दिलेली जडीबुटी, सगळं. उपाशी कधीपासून राहायचं ते त्यांना विचारा, एकादशीच्या हिशेबानं नको.

त्या दिवशी तुम्हाला पुन्हा पुन्हा नाव विचारतील, कोणत्या बाजूचं ऑपरेशन ते विचारतील, पेननं खूण करतील. घाबरू नका, की यांना माहीत नाही का! चूक होऊ नये म्हणून तो नेम आहे, आपल्या हरिपाठासारखा. जितक्यांदा विचारतील तितक्यांदा सांगा. माळ काढायला सांगितली, तर डोळ्यांना लावून घरच्यांच्या हातात द्या. शुद्धीवर आलात की पुन्हा घाला. तुळस रागवत नाही. नाम तर कुणी काढून ठेवायला सांगत नाही ना? ते आत घेऊन जा. श्वास आत घेताना विठ्ठल, सोडताना विठ्ठल. मोजू नका. मध्येच झोप लागली, तर पुढचं तो म्हणेल.

राहिला दुसरा प्रश्न, कार्तिकीचा. पंढरीत देव विटेवर का उभा आहे हो? पुंडलिक आईबापाची सेवा करत होता. दारात देव आला, तर वीट फेकून म्हणाला, थांब जरा, हातातलं काम होऊ दे. आणि देव थांबला, रागावला नाही. आज तुमच्या हातातलं काम कोणतं? हा देह वाचवणं. कुणाला आधी ऑपरेशन लागतं, कुणाला आधी केमो देतात. तो क्रम आणि ती तारीख डॉक्टर रोग बघून ठरवतात. आपल्या मनानं पुढे ढकलायची नाही. पांडुरंगाला सांगा, थांब जरा. त्याला थांबायची सवय आहे.

आणि गावकऱ्यांनो, अशा घरी जाल तेव्हा कोण कसं गेलं त्याच्या कथा सांगत बसू नका. डबा घेऊन जा, तिच्या गुरांना पाणी पाजा. गाडगेबाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांना आसरा देते. हेही कीर्तनच आहे.

बायांनो, घरी गेल्यावर स्वतःला तपासा. गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आलं, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. बरोबर शेजारणीला न्या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!