पट्टी, पावती आणि उरलेले 31,200 रुपये

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे; बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय ‘आपल्या सोसायटीचे सामाजिक कार्य’. म्हणजे पंचवीस वर्षांत आपण काय काय केलं त्याची यादी वाचायची आणि तुम्ही टाळ्या वाजवायच्या. यादी स्मरणिकेत छापलेली आहेच, ती घरी गेल्यावर वाचा. मी या सोसायटीचा नऊ वर्षं खजिनदार होतो, म्हणून मी बोलणार आहे वर्गणीबद्दल.

आपण भोसरीत राहतो खरे, पण 48 फ्लॅटपैकी निम्म्याहून जास्त घरं जुन्नर, आंबेगाव आणि खेडची. शनिवार आला की निम्मी सोसायटी नाशिक रोडला एसटीची वाट बघत उभी. माझं गाव निरगुडसर. आमच्याकडे वर्गणीला वर्गणी म्हणत नाहीत, पट्टी म्हणतात. यात्रेची पट्टी. मी लहान असताना वडिलांबरोबर पट्टी गोळा करायला हिंडलोय. उंबऱ्यामागे ठरलेली रक्कम, ज्याची बागायत मोठी त्याच्याकडून जरा जास्त, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडे मांडवाचं काम. कुणाला ‘तू दिलं नाहीस’ असं चारचौघांत म्हणायचं नाही, हा नियम. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागल्या की पाच जण जाऊन सुपारी देऊन यायचे, आणि कोणता फड ठरवला यावरून पुढे महिनाभर भांडण.

पण मला त्या यात्रेतली सगळ्यात जास्त आठवण कशाची असेल, तर यात्रेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या हिशेबाची. देवळापुढे माणसं बसायची आणि एक जण वही उघडून वाचायचा. नारळ इतके, गुलाल इतका, वाजंत्री इतके, बाकी इतके. वाचणाऱ्याला मधेच कुणीतरी अडवायचं, ‘अरे, बत्तीच्या भाड्याचं काय?’ त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढची ओळ नाही. शिकलेली माणसं फार नव्हती, पण हिशेब तोंडपाठ असायचा. मुंबईकर मंडळींचे पैसे मनीऑर्डरने यायचे, त्यांची नावं शेवटी मोठ्याने वाचली जायची. पुढे देवळात पंखे आले आणि पंख्याच्या पात्यांवर देणगीदारांची नावं आली. पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही, म्हणून आमचे एक चुलते दर्शनाला गेले की आधी पंखा बंद करायचे. हसताय तुम्ही, पण खरं आहे.

ही सवय घेऊन आपण इथं आलो. 1999 साली सोसायटी रजिस्टर झाली, त्याच वर्षी पहिला गणपती बसवला. पावतीपुस्तक मीच छापून आणलं होतं. त्यानंतर रक्तदान शिबिरं झाली, वह्यावाटप झालं, 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरासाठी गोळा केलं, कोरोनात मागच्या साइटवरच्या मजुरांना शिधा दिला. हे सगळं चांगलंच झालं. पण त्यातला एक हिशेब मी आज पहिल्यांदा जाहीरपणे सांगणार आहे.

30 जुलै 2014. बुधवार होता. श्रावण नुकताच लागला होता. सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि आमच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव त्याच्याखाली गेलं. पहिली बातमी बाहेर आणली ती एसटीच्या ड्रायव्हरने. नेहमीच्या रस्त्याने तो गाडी घेऊन गेला आणि जिथं गाव दिसायचं तिथं गाव नव्हतं. पुढे कित्येक दिवस चिखल उपसत होते. 151 माणसं गेली.

त्या रात्री आपल्या खाली पार्किंगमध्ये मीटिंग झाली. कुणी बोलावली नव्हती, माणसं आपोआप जमली. तीन दिवसांत 86,500 रुपये जमले. एका वहिनींनी भिशीचे आलेले पैसे तसेच्या तसे आणून दिले. आणि कपडे! बी विंगच्या जिन्याखाली छातीइतका ढीग झाला. रविवारी टेम्पो भरला, पुढे बॅनर लावला, त्याच्यावर सोसायटीचं नाव मोठं. आम्ही सहा जण निघालो.

घोडेगावच्या पुढे टेम्पो सोडला नाही. बरोबरच होतं ते. आपल्यासारख्या गाड्यांची रांग लागली होती, त्यात रुग्णवाहिका आणि माती उपसणारी मशिनं अडकत होती. साहित्य तिथंच उतरवून घेत होते. आत एका शेडमध्ये कपड्यांचे डोंगर पडलेले. आम्ही आमचे त्यात ओतले. ओततानाच मला दिसलं, आपल्या सोसायटीतून आलेल्या गाठोड्यात लग्नातली शेरवानी होती, फाटलेल्या जीन्स होत्या, एकेकटे बूट होते. तिथं काम करणारा एक पोरगा, आदिवासी भागातलाच, शांतपणे म्हणाला, ‘काका, कपडे घालणारी माणसंच राहिली नाहीत हो.’

परत येताना टेम्पोत कुणी बोललं नाही. मंचरला चहाला थांबलो, तर बॅनर काढून घडी करून ठेवला.

आता पैशांचं. त्यातले 55,300 आपण चेकने मुख्यमंत्री सहायता निधीत भरले, त्याची पावती फाइलला आहे. उरले 31,200. ते मुद्दाम ठेवले होते. विचार असा, की नवं गाव वसेल तेव्हा प्रत्येक घराला भांडीकुंडी, काहीतरी उपयोगाचं देऊ. विचार चांगला होता. वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, जवळजवळ पावणेतीन वर्षं. आमडे गावाजवळ नवं माळीण उभं राहिलं आणि 2 एप्रिल 2017 ला त्याचं लोकार्पण झालं. त्याच जूनच्या मोठ्या पावसात तिथं काही ठिकाणी भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, लोक पुन्हा घाबरले. हे सगळं मी पेपरात वाचलं. मी, तुमचा खजिनदार, पेपर वाचला, घडी केली आणि ठेवून दिला. ते 31,200 मला आठवलेच नाहीत. दरवर्षी ताळेबंदात ‘इतर देणी’ अशी एक ओळ यायची, दरवर्षी आपण सर्वसाधारण सभेत हात वर करून ती मंजूर करायचो आणि वडापाव खायला जायचो.

2022 साली ऑडिटरने विचारलं, ‘ही रक्कम आठ वर्षं हलली का नाही?’ तेव्हा मला घाम फुटला. कुणी खाल्ले नव्हते, पैसे बँकेतच होते. पण देवळापुढच्या त्या वहीत असं चाललं असतं का? बत्तीच्या भाड्यासाठी माणूस अडवणाऱ्या गावचा मी.

इथं जरा विषयांतर करतो, पण गरजेचं आहे. आमचा तालुका पाहिला असेल तुम्ही. पूर्वेला निरगुडसर, पारगाव, अवसरी. ऊस, भाजीपाला, साखर कारखाना. पश्चिमेला डोंगर, भात, हिरडा आणि मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती. मधे डिंभे धरण, हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. ते धरण झालं तेव्हा ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगावच पाण्याखाली गेलं. पश्चिमेची गावं उठली, जमिनी बुडाल्या आणि कालव्याला पाणी आलं ते आमच्या पूर्व भागाला. आमच्यातल्या कितीतरी जणांची शिक्षणं त्या उसावर झाली. माझंही त्यातच आलं. भोसरीतला हा फ्लॅट घ्यायला जे पहिले पैसे भरले, तेही गावाकडचे. मग माळीणला आपण नेली ती मदत म्हणायची की जुन्या देण्याचा एखादा हप्ता? मी त्या घोडेगावच्या शेडपासून हा विचार करतोय. दान म्हटलं की आपल्याला वाटेल ते, वाटेल तेव्हा दिलं तरी चालतं. देणं असेल तर समोरच्याला विचारावं लागतं आणि वेळेवर द्यावं लागतं.

म्हणून 2022 ला आम्ही तिघं पुन्हा गेलो. या वेळी टेम्पो नाही, बॅनर नाही, एसटीने गेलो. त्याच पश्चिम भागातल्या एका शाळेत बसलो आणि विचारलं, ‘गुरुजी, काय पाहिजे?’ ते आधी बोलेचनात. मग म्हणाले, ‘वह्या नका आणू. वह्या दरवर्षी चार ठिकाणांहून येतात.’ मग त्यांनी मागे नेऊन दाखवलं. पाण्याची टाकी होती, शौचालय होतं, पण टाकीपासून तिथपर्यंतचा पाइप फुटलेला. मोठ्या मुली सुट्टीत घरी निघून जायच्या, काही परत यायच्याच नाहीत. व्याज धरून आपली रक्कम 40 हजारांच्या आसपास झाली होती. पाइप, नळ, प्लंबरची मजुरी, सगळं त्यात बसलं. उद्घाटन वगैरे काही नाही. पाइपावर नाव कुठं टाकणार?

रक्तदानाचंही तसंच. आपण शिबिर घेतो 26 जानेवारीला, कारण त्या दिवशी सुट्टी असते आणि झेंड्याला सगळे जमतात. पण त्याच दिवशी सगळीकडेच शिबिरं असतात. तांबड्या पेशी साधारण 42 दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, तेव्हा रक्तपेढ्या फोन करत बसतात. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिने आणि बाईला चार महिने अंतर ठेवावं लागतं, म्हणजे जानेवारीत दिलेला माणूस मे महिन्यात पुन्हा देऊ शकतो. गेल्या वर्षीपासून आपण मे महिन्यात दुसरं शिबिर सुरू केलंय. 26 जानेवारीला 61 जण येतात, मे महिन्यात आले 19. ते 19 मला जास्त मोलाचे वाटतात, 61 वाल्यांनी राग मानू नये.

थोडक्या पैशांत काय होतं, असं तरुण मुलं विचारतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात तळेगावला अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून 1908 साली काचेचा कारखाना उभा राहिला. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिलं. एक पैसा देणारा आणि शंभर रुपये देणारा, दोघांनाही विचारायचा हक्क सारखाच. आपल्याकडे फळ्यावर नावं लावताना 5,000 वाले वर आणि 200 वाले खाली असतात. माझं म्हणणं, फ्लॅट नंबरप्रमाणे लावा.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. या रौप्यमहोत्सवासाठी आपण प्रत्येक फ्लॅटकडून 2,000 रुपये घेतले. सगळा खर्च जाऊन 22 हजारांच्या आसपास उरतील असा अंदाज आहे. कमिटीपुढे प्रस्ताव आहे की गेटवर ग्रॅनाइटची पाटी लावावी, संस्थापक सभासदांच्या नावांची. त्यात माझंही नाव आहे. नाव वाचून बरं वाटेल, खोटं कशाला बोलू? पण माझा या प्रस्तावाला विरोध आहे. त्या शाळेच्या गुरुजींनी गेल्या महिन्यात फोन केला होता. टाकी भरणारी मोटर गेलीय.

कुणी म्हणेल, सोसायटीचे पैसे बाहेर देता येतात का? सिंकिंग फंडाला आणि दुरुस्ती निधीला हात लावायचा नाही, तो विषयच नाही. सोसायटीच्या निव्वळ नफ्यातून द्यायचं झालं तर सहकार कायद्याच्या कलम 69 मध्ये त्याची तरतूद आहे, वीस टक्क्यांची मर्यादा आणि मंजुरीची अट आहे. इथं मात्र वेगळी वर्गणी आहे, ती दिलेल्या माणसांना विचारूनच दुसरीकडे वळवायची. ज्यांना परत हवी असेल त्यांना त्यांचा वाटा परत द्यावा, कारण न विचारता सांगायचं नाही, हा आमच्या पट्टीचा नियम. आणि उद्या उत्साहाच्या भरात रस्त्यावर डबे घेऊन उभे राहू नका. बाहेरच्या लोकांकडून गोळा करायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ज्यांना प्राप्तिकरात सवलत पाहिजे त्यांनी त्या सवलतीसाठी मान्यता असलेल्या संस्थेला थेट द्यावं, आणि 2,000 च्या वर असेल तर रोख देऊ नये, रोखीवर सवलत मिळत नाही.

माळीणच्या 86,500 चा पूर्ण हिशेब मी टाइप करून आणलाय. कुणी किती दिले, 55,300 ची पावती, आठ वर्षांचं व्याज, पाइपाचं बिल, प्लंबरची सही. ए विंगच्या लिफ्टशेजारी सकाळीच लावलाय. तो दहा वर्षं उशिरा लागलाय, त्याबद्दल मी आपल्या सगळ्यांची माफी मागतो. ज्या वहिनींनी भिशीचे पैसे दिले होते त्या आता नाहीत. त्यांच्या सूनबाईंना मी तो कागद घरी जाऊन दाखवून आलो.

मोटरचं कोटेशनही तिथंच खाली लावलंय, 17,400 रुपये आहे. सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी सकाळी दहाला, टेरेसवर. कुणाला बत्तीच्या भाड्याचं विचारायचं असेल तर त्याच सभेत विचारा, मी वही घेऊन येतो.