मुरलेले खत आणि परसातला बटाटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी कुरवंडे येथे केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण परसातल्या बटाट्याविषयी सांगा, असा आग्रह झाला, म्हणून चार शब्द बोलते.

बटाटा उपासाला चालतो, म्हणून तो जुना आपलाच असे आपण धरून चालतो. वास्तविक तो दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगिजांबरोबर इकडे आला आणि त्यांनी दिलेले नावच आपल्याकडे राहिले. आपल्या पुणे जिल्ह्यात आंबेगावाकडचे सातगाव पठार बटाट्याचे आगर आहे. आपले कुरवंडे भाताचे गाव. पण भात निघाले की रात्री गार पडू लागतात, आणि बटाट्याला मुळाशी धरायला हीच हवा लागते. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनी एक गुंठा तरी लावण्यासारखा आहे.

मग अडते कुठे? खतात. शेण आपण भरतो, पाट्या आपण वाहतो. पण ते जाते राबाला आणि गोवऱ्यांना. राब भाजला की शेणापाल्यातला नत्र धुराबरोबर उडून जातो. मागे राख राहते. राखेत पालाश असते, ती टाकाऊ नव्हे. पण माती भुसभुशीत करणारा भाग जळून गेलेला असतो. बटाटा तर मातीच्या पोटात फुगणारा. माती घट्ट असली तर तो वेडावाकडा होतो.

उरलेले शेण उघड्या उकिरड्यावर पडते. आपल्याकडचा पाऊस मी तुम्हाला काय सांगावा! चार महिन्यांत उकिरड्याचे सत्त्व ओहोळाने वाहून जाते. इंद्रायणीचा उगम आपल्याच गावाजवळचा. आपल्या शेताचे सत्त्व आपण तिच्या पाण्यात सोडतो, आणि पुढच्या गावांना ते पाणी प्यावे लागते.

तेव्हा खत असे करावे. आपल्याकडे खड्ड्यात पाणी भरते, म्हणून उंचवट्यावर ढीग बरा. वीतभर पालापाचोळा व पेंढा, त्यावर शेणकाला, वर थोडी माती, असे थर कमरेइतके रचावेत. वर पेंढ्याचे किंवा पत्र्याचे छप्पर हवेच. महिन्या-दीड महिन्याने ढीग खालीवर करावा. होळीनंतर रचलेला ढीग दिवाळीपर्यंत मुरतो. काळसर रंग, मातीसारखा वास आणि आत हात घातला तर गरम लागत नाही, ही मुरल्याची खूण. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने इंदूरला अशीच थरांची रीत बसवून १९३१ साली पुस्तकात लिहिली, आणि ती इंदूर पद्धत म्हणून परदेशांतही गेली.

कच्चे शेण मात्र बटाट्याला घालू नये. त्यात हुमणी वाढते आणि बटाटे पोखरते.

गुंठ्याला १५० ते २०० किलो मुरलेले खत सरीत मिसळावे, सोबत ५ किलो निंबोळी पेंड. हे पुष्कळ वाटेल, पण १०० किलो शेणखतात नत्र अर्धा किलोच्या आसपास असतो. म्हणून तर एक पाटीही वाया जाऊ नये. निरोगी बेणे घ्यावे, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवावेत आणि वीतभर अंतराने लावावे. महिन्याने मातीची भर द्यावी. उघडा राहिलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो, तो खाऊ नये.

खत म्हणजे औषध नव्हे, हेही सांगते. ढगाळ, दमट हवेत करपा येतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये करप्याने पीक नासून दुष्काळ पडला आणि सुमारे १० लाख माणसे दगावली. डाग पडलेली झाडे लगेच उपटून शेताबाहेर काढावीत. ढिगात टाकू नयेत.

भगिनींनो, लोणावळ्याच्या आसपास जमिनी बंगल्यांना जात आहेत, गोठे ओस पडत आहेत. ज्यांच्या दावणीला अजून गुरे आहेत त्यांचे शेण हे धन आहे. घरात गॅस आला, गोवऱ्या कमी लागतात. मग ते शेण कुठे जावे, हे ठरवताना ते भरणारीलाही विचारले पाहिजे. घरातल्या पुरुषमंडळींना सांगा, सगळे राबाला नको, निदान एक ढीग माझा. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आपण मनावर घेतले तर एका पावसाळ्यात फिटतील.