पासिंगच्या आधीचा रंग



गाडीला पंधरा वर्षं भरत आली की घरात दोन विषय निघतात. ती आता काढून टाकायची का, हा पहिला. त्यात मी पडत नाही. ज्याची त्याची गाडी आणि ज्याचं त्याचं घर. ठेवायची असं ठरलं की दुसरा विषय येतो: पासिंगला न्यायच्या आधी एकदा रंगवून घ्यावी का? खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली. त्यावर पर्यावरण कर आला, विमा आला, टायर गुळगुळीत झाले असतील तर तेही आले. रंगासाठी मागे उरतं ते थोडकंच. तेवढ्यात काय बसतं आणि काय बसत नाही, त्याबद्दल बोलू या.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात ती आली, २०१४ च्या जानेवारीत बनायची थांबली, आणि तरी तालुक्याच्या गावांत ती अजून भाजीच्या पिशव्यांपासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहते आहे. सव्वातीन मीटर लांबीची गाडी. बाहेरून रंगवायला तिला फार तर दोन-तीन लिटर रंग लागतो. म्हणजे डब्यातला रंग हा या खर्चातला मोठा आकडा नाहीच. पैसे जातात ते माणसांच्या हातांना, आणि तेही रंग मारण्यापेक्षा घासण्यात जास्त.

पण त्याआधी, रंग खरंच मारायला हवा का, ते पाहून घ्या. साधा लाल किंवा निळा रंग असेल, वर पारदर्शक थर नसेल, तर उन्हाने वरचा पापुद्रा मरतो आणि लाल गाडी गुलाबी दिसायला लागते. बॉनेटचा वीतभर भाग स्वच्छ धुऊन त्यावर थोडं रबिंग कंपाउंड घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला आणि खालून मूळ लाल वर आला, तर तुमचं काम कंपाउंड आणि पॉलिशवर भागलं. पेंटर हे आपणहून सांगेलच असं नाही. मेटॅलिक गाडीचं मात्र वेगळं. तिथे रंगावर क्लिअर कोट असतो आणि त्याचे पांढरे पापुद्रे सुटायला लागले की कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही. पुष्कळदा हे फक्त टपावर आणि बॉनेटवर झालेलं असतं, कारण ऊन तिथेच बसतं. मग तेवढेच दोन भाग करा. दारं चांगली असताना अख्खी गाडी फवारून घ्यायचं कारण नाही.

दुसरं, रंग तोच ठेवा. मला माहीत आहे, पांढऱ्याचा कंटाळा आलेला असतो आणि मुलीला निळी हवी असते. पण रंग बदलला की दारांच्या चौकटी, बॉनेटची आतली बाजू, डिकीची कड हे सगळं उघडून, सोडवून रंगवावं लागतं. नाहीतर दार उघडलं की जुना पांढरा डोकावतो. मजुरी तिथेच वाढते. शिवाय आरसी बुकात रंगाची नोंद असते, ती बदलून घेण्यासाठी आरटीओची वेगळी खेप. आणि काहींना लष्करी गाड्यांचा हिरवा फार आवडतो, त्यांच्यासाठी सांगतो: केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना देतो. तो विषय तिथेच संपला.

तोच रंग म्हटलं तरी तो जुळवावा लागतो. बॉनेटखालच्या पाटीवर रंगाचा कोड असतो आणि मिक्सिंग मशीन असलेली दुकानं त्यावरून रंग काढून देतात. पण तो कोड पंधरा वर्षांपूर्वीच्या कोऱ्या गाडीचा! तुमची गाडी त्यानंतर उन्हात उभी आहे. सगळी गाडी रंगवणार असाल तर काही बिघडत नाही. एक-दोनच भाग करणार असाल, तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण आधी पॉलिश करा, मग सोडवून दुकानात न्या. पॉलिश न करता नेलंत तर दुकानदार तुम्हाला मळाशी जुळणारा रंग काढून देईल.

आता गंज. गंज बहुधा खालून वर येतो. दाराच्या तळाला पाणी निघून जायला लहान भोकं असतात. ती चिखलाने बुजली की दारात पाणी साचतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर दिसतो तो फक्त एक मिरीएवढा फुगवटा. कोकणातल्या गाड्यांना खाऱ्या हवेने हे लवकर होतं. चाकांच्या कमानी, दाराखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, बॅटरीखालची जागा, एवढं तरी पेचकसाच्या टोकाने दाबून पाहा. टोक आत गेलं तर तिथे कापून नवा तुकडा जोडायला हवा. एक चुंबकही जवळ ठेवा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर आहे, आणि त्या थराखाली काय दडवलं आहे ते मागच्या मालकालाच ठाऊक. हाताशी दहा रुपये असतील तर पहिले पाच इथे घाला, असं मी म्हणेन. वरचा रंग थोडा हलका निघाला तर वर्षभराने पुन्हा मारता येतो, पण गंजावर मारलेला भारीतला रंग पुढच्या पावसाळ्यात गंजासकट वर येतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींचं काम बघत बसायची मला सवय आहे. एकदा एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "मिस्त्री, रंग चांगल्यातला लावा हं."

मिस्त्री हातातला घासायचा पेपर न थांबवता म्हणाले, "चांगल्यातलाच लावतो की, साहेब. पण नुसतं घासायला दोन पोरं तीन दिवस लावली, तर त्यांचं पैसं देणार हाय का?"

गृहस्थ हसले. उत्तर काही दिलं नाही.

मिस्त्री दाराच्या पोच्यावर लांबी भरत होते. पॉलिएस्टर लांबीत चिमूटभर हार्डनर मिसळला की ती काही मिनिटांतच बसायला लागते, म्हणून लागेल तेवढीच कालवायची. वाळल्यावर आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०. तेही लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून, कारण नुसत्या बोटांनी घासलं की बोटांचे चर पडतात. मग त्यांनी एक गोष्ट केली, ती पाहण्यासारखी होती. काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा त्या लांबीवर सोडला आणि पुन्हा घासायला घेतलं. उंच भागावरचं काळं लगेच गेलं. मधे दोन ठिकाणी मात्र नखाएवढे काळे डाग तसेच राहिले. तेच खोलगट. तिथे पुन्हा थोडी लांबी. शेवटी प्रायमरवर मगातून पाणी ओतलं आणि खाली वाकून दारावरून तिरकी नजर टाकली. ओल्या पत्र्यावर समोरच्या ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसली, तेव्हा ते उठले. इतका वेळ ते दार राखाडीच होतं. पैसे देणाऱ्याला काहीच झालं नाही असं वाटावं, असं.

इथे एक तक्रारही करतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लांबीच पाण्याने घासतात. धूळ उडत नाही, पेपर टिकतो, हे खरं. पण पॉलिएस्टर लांबी स्पंजासारखी पाणी पिते. ते पाणी वाळायच्या आत वर रंग चढला की उन्हाळ्यात त्याचे फोड येतात. लांबी कोरडीच घासावी, तोंडाला मास्क लावून. पाणी वापरायचं ते नंतर, प्रायमरवर, ६०० किंवा ८०० च्या वॉटर पेपरला. कामाला गाडी देताना हे एवढं ठरवून घ्या.

रंग कोणता, याचं उत्तर तुमचं गॅरेज कसं आहे त्यावर आहे. ड्यू पाँट कंपनीने १९२० च्या दशकात ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोज रंग आणला, तोवर मोटारी ब्रशने रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. त्याच जातीचा एनसी रंग अजून लहान गॅरेजांत चालतो. तो पटकन वाळतो, धूळ बसली तरी घासून काढता येते, आणि स्वस्त असतो. पण त्याची चमक लवकर उतरते, आणि दमट हवेत मारला तर वर पांढुरकी झाक येते. दोन भागांचा, हार्डनर घालायचा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग महाग, पण कितीतरी टिकाऊ. थोडे पैसे असतील तर मी गाडीचे कमी भाग करीन, पण पीयू करीन. परदेशात काही हौशी लोक पातळ केलेला इनॅमल फोमच्या रोलरने लावतात, मधे मधे घासतात, आणि गाडी लांबून बरी दिसते. आपले ट्रक तर ब्रशनेच रंगलेले असत. ज्याला वेळच वेळ आहे आणि शेजाऱ्यांच्या बोलण्याची फिकीर नाही, त्याने जरूर करावं.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेल्याने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोडक्या संपर्कानेही उठतो. नाकावर बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. पेंटरच्या पोराच्या तोंडाला नुसताच रुमाल दिसला, तर दर कितीही कमी असो, मी तिथून गाडी परत आणीन. आणि घरच्या शेडमध्ये पीयू स्वतः फवारायचा विचार सोडून द्या.

स्वतः करण्याजोगं दुसरं पुष्कळ आहे. बंपर, दिवे, वायपर, बीडिंग, नावाच्या पट्ट्या सोडवा. सुटे स्क्रू डब्यात चिठ्ठी घालून ठेवा. गाडी साबणाने दोनदा धुवा. सिलिकॉनचं चमकवायचं पॉलिश कधी मारलं असेल तर ते पुसून काढणाऱ्या द्रावणाने नीट उतरवा, कारण त्याचा अंश राहिला तर रंग तिथे फाकतो आणि गोल गोल डोळे पडतात. जुना रंग घट्ट असेल तर तो पत्र्यापर्यंत खरवडू नका. नुसता खरखरीत करून घ्या. कारखान्यातल्या त्या थराइतका चांगला पाया तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाही. कोरलेल्या चेसिस नंबरावर मात्र आठवणीने टेप लावा. पासिंगच्या वेळी त्याचा पेन्सिलने ठसा घेतात, आणि ते आकडे रंगाने बुजले तर आरटीओच्या आवारात उभं राहून खरवडत बसावं लागतं. हे सगळं तुम्ही करून आणणार असाल तर मजुरी किती कमी होईल, ते पेंटरला आधीच विचारा. काहींना मालकाने हात लावलेला खपत नाही. त्यांचंही चूक नाही.

वेळ कोणती निवडाल? दसऱ्याच्या आधीचा पंधरवडा टाळा. गाडीची पूजा करायची म्हणून सगळ्यांनाच घाई असते, हवेत पाऊस असतो, आणि आज भरलेली लांबी उद्या रंगाखाली जाते. दिवाळी उरकली की हवा कोरडी होते आणि गॅरेजही मोकळं असतं. तेव्हा मिस्त्रीला चार दिवस जास्तच द्या.

गाडी ताब्यात घेताना ती उन्हात आणायला सांगा, ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं. महिनाभर वॅक्स लावू नका आणि झाडाखाली उभी करू नका. ताज्या रंगावर पक्ष्याची विष्ठा एका दिवसात डाग पाडते. आणि उरलेला रंग मागून घ्या, पण हार्डनर मिसळायच्या आधीचा. मिसळलेला डब्यातच दगड होतो. लहानशा काचेच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, वर कोड आणि तारीख लिहून ठेवा. पार्किंगमध्ये पहिला ओरखडा पडेल तेव्हा बारीक ब्रशने तेवढाच भरता येईल.