गोळी कुणासाठी? : दंतरोपण, मुखातील जंतू आणि प्रतिजैविके



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी अक्षरे गिरवली, तिच्याच व्यासपीठावरून सरांच्या स्मृत्यर्थ बोलण्याचा योग आज आला, हे मी माझे भाग्य समजतो. इंदुरात वाढलेल्या आम्हा मुलांचे विज्ञान सरांच्या मराठीतून सुरू झाले. म्हणून माझ्या व्यवसायातील एक प्रश्न त्याच भाषेत आपल्यापुढे ठेवणार आहे. तो प्रश्नही मूळचा सरांचाच आहे.

आठवीत असताना सरांनी एकदा माझ्या दातांवरचा पांढुरका थर काडीने खरवडून काढला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आदल्या रात्री सराफ्यात जिलेबी खाऊन मी दात न घासताच झोपलो होतो. भिंगाखाली असंख्य ठिपके आणि काड्या हलताना दिसल्या. वर्ग हसला. सर म्हणाले, "हसू नका. हे माझ्याही तोंडात आहेत." मग त्यांनी डेल्फ्ट गावच्या ल्यूवेनहॉक या कापडव्यापाऱ्याची हकिकत सांगितली. त्याने 1683 साली स्वतःच्या दातांवरचा थर भिंगाखाली पाहिला आणि त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव असल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले.

मानवी मुखात आढळणाऱ्या जंतूंच्या सातशेहून अधिक जातींची नोंद आज झालेली आहे. त्यांतील बहुतेक आपले निरुपद्रवी रहिवासी आहेत. जागा अडवून ते परक्या जंतूंना थारा मिळू देत नाहीत. साफसफाई थांबली, हिरडीखाली थर साचला, किंवा ऊतींना जखम झाली, म्हणजे त्यांतलेच काही उपद्रवी ठरतात. तात्पर्य, मुख हे कधीही निर्जंतुक करता येणारे स्थान नव्हे.

आणि नेमक्या अशा स्थानी आम्ही दंतवैद्य हाडात धातू बसवतो. स्वीडनमधील ब्रानेमार्क यांना 1952च्या सुमारास, सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना, टिटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाल्याचे दिसून आले. 1965 साली त्यांनी योस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमचे खुंट बसवले, आणि ते चाळीसहून अधिक वर्षे त्याच्या उपयोगी पडले. परंतु हाड आणि धातू यांचे हे मीलन होण्यास काही महिने लागतात. शस्त्रक्रियेच्या वेळी खुंटाच्या पृष्ठभागावर जंतूंनी ठाण मांडले, तर ते मीलन होत नाही आणि खुंट सैल पडतो. जंतूंनी तेथे चिकट पापुद्रा तयार केला, की औषधही त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

मग शस्त्रक्रियेपूर्वी प्रतिजैविक द्यावे काय, आणि किती द्यावे? येथे मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची आहे. जॉन बर्क या शल्यविशारदाने 1961 साली गिनीपिगांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. जंतू त्वचेत शिरण्यापूर्वी किंवा शिरतेवेळी औषध दिले, तर ते संसर्ग रोखू शकत होते; तीन तास उलटल्यावर दिले, तर दिले काय आणि न दिले काय, सारखेच. चोर घरात शिरून स्थिरावल्यावर पहारेकरी नेमण्यात काय हशील? छेद घेतला जाईल त्या क्षणी औषध रक्तात हजर असले पाहिजे, हाच प्रतिबंधाचा गाभा होय.

दंतरोपणाच्या बाबतीत 2013 साली कोक्रेन संस्थेचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सहा चाचण्या आणि 1162 रुग्ण होते. शस्त्रक्रियेपूर्वी एक तास 2 ग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिल्यास, साधारण पंचवीस रुग्णांमागे एकाचे रोपण निकामी होण्यापासून वाचते, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे उरलेल्या चोविसांना त्या मात्रेने काही फरक पडत नाही. मात्र तो एक कोण, हे आधी ओळखता येत नाही. एका मात्रेसाठी हा सौदा समजण्याजोगा आहे. परंतु नंतर पाच-सात दिवस गोळ्या चालू ठेवल्याने अधिक लाभ होतो, असा पुरावा त्या आढाव्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2016 साली, संसर्ग टाळण्याच्या हेतूने शस्त्रक्रियेनंतर प्रतिजैविक लांबवू नये, असे एकंदर शस्त्रक्रियांविषयी सांगितले.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. निवृत्तीनंतर सर माझ्याकडे आले. त्यांच्या खालच्या दाढेच्या जागी मी रोपण केले. शस्त्रक्रियेपूर्वीची मात्रा दिलीच, आणि अंगवळणी पडल्याप्रमाणे पाच दिवसांच्या गोळ्याही लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले. चौथ्या दिवशी सलाइन लावावे लागले. तोंडासाठी घेतलेले औषध आतड्यातील निरपराध रहिवाशांनाही मारते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते माझ्या गुरूंच्या खाटेपाशी उभे राहून पाहिले. मी जखम तपासली. ती उत्तम भरत होती.

सरांनी क्षीण आवाजात विचारले, "अरे, जखम चांगली आहे म्हणतोस, मग या गोळ्या कुणासाठी होत्या?"

"खबरदारी म्हणून, सर."

"कुणाची खबरदारी?"

मला उत्तर देता आले नाही. खरे उत्तर असे होते की ती खबरदारी माझी होती. रोपण फसले, तर "डॉक्टरांनी गोळ्यासुद्धा दिल्या नाहीत" असे कुणी म्हणू नये, या भीतीवर मी सरांना औषध दिले होते. भीती माझी, औषध मात्र त्यांच्या पोटात.

सर आठवडाभरात बरे झाले. तेव्हापासून साध्या रोपणानंतर मी नित्यनियमाने गोळ्या लिहीत नाही. येथे गैरसमज नसावा. संसर्ग झालेला असेल, तर उपचार म्हणून दिलेले औषध वैद्याने सांगितल्याप्रमाणेच घ्यावे. हृदयाची कृत्रिम झडप असलेल्यांचा विचार निराळा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती आधी सांगितलीच पाहिजे. मी बोलतो आहे ते कारणावाचून लांबवलेल्या प्रतिबंधाविषयी.

कारण त्याची किंमत एकट्या रुग्णाला मोजावी लागत नाही. प्रत्येक अनावश्यक गोळीगणिक दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे वंश वाढवतात. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा अंदाज 2022 साली प्रसिद्ध झाला. दंतवैद्याच्या चिठ्ठीचा त्यातील वाटा छोटा असेल, पण तो आमच्या हातचा आहे.

रोपण टिकवण्याचे पुढील काम औषधाचे नव्हेच. हिरड्यांचा आजार आधी बरा करणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे, तंबाखू-विडी सोडणे, आणि रोपणाभोवतीचा थर रोज काढणे, ही कामे कोणतीही गोळी करू शकत नाही. सरांचे रोपण त्यांच्या अखेरपर्यंत टिकले. त्याचे श्रेय मी माझ्या गोळ्यांना देत नाही. दररोज रात्री आरशासमोर उभे राहून दात घासण्याच्या त्यांच्या शिस्तीला देतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या डॉक्टर होतील, बाकीचे सारे केव्हा ना केव्हा रुग्ण होतील. चिठ्ठी लिहिताना आणि चिठ्ठी हातात घेताना, दोन्ही वेळा सरांचा प्रश्न नम्रपणे विचारा : ही गोळी कुणासाठी? मला तो प्रश्न उशिरा भेटला. तुम्हांला तो शाळेतच भेटावा, म्हणून आज येथे आलो.