सांगणारा आणि लिहिणारा
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



या अंकासाठी आम्ही दिंडीची जुनी पत्र्याची पेटी उघडली. आत हिशेबाच्या वह्या निघाल्या. भिशी किती जमली, पीठ किती लागलं, ट्रकला काय दिलं, सगळं पै न् पै लिहिलेलं. धन्य ती माणसं! पण तुळस डोईवर घेऊन चालणाऱ्या आयाबाया काय गात होत्या, त्याची एक ओळ कुठं सापडली नाही. बाया गेल्या, गाणीही गेली.

आता कुणी म्हणेल, लिहायला काही सुचावं लागतं. आम्ही रानातली माणसं, आम्हाला काय सुचणार? तर अरणच्या सावतोबांना काय सुचलं ते बघा. मोट, नाडा, विहीर, दोरी. नरहरी सोनारांच्या अभंगात बागेसरी आणि मूस आली. सेना महाराजांनी तर न्हाव्याचा आरसा आणि चिमटाच अभंगात आणला. हातातलं काम टाकून यांपैकी कुणी विषय शोधायला गेलं नाही. आपण मात्र लिहायला बसलो की कीर्तनातले मोठे शब्द जुळवत बसतो आणि आपल्या गोठ्यातले, चुलीपुढचे शब्द बाहेर ठेवतो.

वाचनाचंही तेच. सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या सात दिवसांत उरकायच्या म्हणजे पळावंच लागतं. पारायण जरूर करावं, आम्हीही करतो. पण सप्ताह उठल्यावर घरी रोज पाचच ओव्या वाचा आणि आपल्या ओळखीचं काही आलं की थांबा. दिवा, पाणी, बी, गाय, आई-लेकरू, माउलींनी किती दृष्टांत आपल्याच घरातून नेलेत! तिथं खूण करा. गुराख्याला जे त्यात दिसेल ते पंडिताला दिसेलच असं नाही.

आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? त्याचीही सोय आपल्याच परंपरेत आहे. नेवाशाला माउली सांगत होते, सच्चिदानंदबाबा लिहीत होते. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले, जातीचे तेली, घाणा चालवणारे. अलीकडचं बघायचं तर खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी. अक्षर येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी गाणी सुचायची, ती मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवली. बाई 1951 ला गेल्या आणि 1952 ला पुस्तक निघालं. वहीच नसती तर?

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी माणसं जोडून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात पंढरीच्या किती तरी! म्हणजे जे आपल्या आजीच्या ओठावर होतं, ते त्यांनी दारोदार जाऊन लिहून घेतलं. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आता ओवी म्हणायला निमित्तच राहिलं नाही. ज्यांना पाठ आहेत त्या ऐंशीच्या पुढं गेल्यात. म्हणून आमची घाई.

घरोघरी जोडी तयारच आहे. सांगणारी आजी आणि आठवी-नववीतली नात. नातीनं आजीजवळ बसावं, आजी म्हणेल तसं लिहावं. बोली सुधारू नये. 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहावं, मास्तर रागावले तरी. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, पण त्याच रात्री कागदावर उतरवा. फोन पाण्यात पडतो, बिघडतो, विकला जातो.

आणि जुन्याच ओव्या कशाला? वाटेनं चालताना माणसं सहज काय काय बोलून जातात. मागच्या वारीत दिवे घाटात एक बाई म्हणाल्या, "निम्मं रान पेरून आले, निम्मं त्याच्यावर टाकून आले." आता ह्यात अभंगाला काय कमी आहे? एवढं वाक्य लिहिलं तरी त्या दिवसाचं लिखाण झालं. कुणी पुढं ओळी जोडाव्यात, कुणी गोष्ट करावी, कुणी नुसतंच ठेवावं.

यंदापासून दिंडीत दोन वह्या राहतील. एक हिशेबाची, ती चालू आहेच. दुसरी दोनशे पानी, पखवाजाच्या पेटीशेजारी, पावसाचे दिवस म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. मुक्कामाला हरिपाठ झाला की अर्धा तास ती उघडी असेल. पेन दोरीनं बांधलेलं आहे, नेऊ नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मागं बसू नये, पुढं यावं. आमच्यातले दोघं लिहायला बसतील.